मुलांची भीती घालवताना मित्रांची मदत कशी घ्यावी

माझ्या मुलीला कुत्र्यांची भीती वाटायची. लांबवर कुत्रा दिसला तरी तिचे हातपाय गार पडत, आणि पुढे पुढे तर तिनं खेळायला बाहेर पडणंच सोडलं. त्यातून बाहेर येताना एका समुपदेशकांनी वाट दाखवली, घरात आम्ही मेहनत घेतली, पण सगळ्यांत जास्त उपयोग झाला तो तिच्या एका मैत्रिणीचा. हा उपयोग आपोआप झाला नाही. कोणाला बोलवायचं, तिनं काय करायचं, काय टाळायचं आणि बाजूला कधी व्हायचं, हे सगळं आधी ठरवावं लागलं. तुमच्या घरात असंच एखादं घाबरणारं मूल असेल, तर त्याच वाटेनं जाताना तुमची चाचपड कमी व्हावी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, ती आधी सांगते. मित्रानं तुमच्या मुलाचं भीतीपासून रक्षण करायचं नाही आणि त्याला भीतीकडे ओढायचंही नाही. त्यानं फक्त एक पाऊल पुढे चालायचं. बाकी आखणी मोठ्यांची आणि चालणं मुलाचं.

हाताशी काय हवं

- एक वही. रोजच्या नोंदी तारखेसह हव्यात. आठवणीवर भिस्त ठेवली की वाईट दिवसच लक्षात राहतात.
- भीती मोजायची पट्टी. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य. लहान मुलांसाठी आकड्यांऐवजी पाच चेहरे काढा.
- आठवड्यातून दोन-तीन ठरलेल्या वेळा, घाईगडबड नसलेल्या.
- मित्राच्या आईवडिलांची स्पष्ट संमती.
- भीती शाळेशी जोडलेली असेल तर वर्गशिक्षकांना सगळी कल्पना.

१. ही भीती कोणत्या जातीची आहे ते बघा

प्रत्येक भीतीवर उपाय करायचा नसतो. आठ-नऊ महिन्यांचं बाळ अनोळखी चेहरा बघून रडतं, वर्ष-दीड वर्षाचं मूल आईला सोडत नाही, दोन ते चार वर्षांच्या मुलांना मोठे आवाज, प्राणी आणि अंधार नको असतात, पुढे कल्पनेतले राक्षस येतात. सातव्या-आठव्या वर्षापासून आजारपण, मरण, वादळ, आग अशा खऱ्या संकटांची धास्ती सुरू होते, आणि किशोरवयात 'लोक काय म्हणतील' हे सगळ्यांवर मात करतं. या भीती वाढीचाच भाग आहेत. बहुतेक आल्या तशा जातात.

हालचाल करायची ती भीतीमुळे झोप, शाळा, खेळ किंवा मैत्री अडायला लागली की. मूल नेहमी 'मला भीती वाटते' असं सांगतं असं नाही. सकाळी पोट दुखतं आणि सुट्टीच्या दिवशी दुखत नाही, ऐनवेळी चिडचिड होते, एकच प्रश्न दहादा विचारला जातो. अशी लक्षणं ओळखावी लागतात. पोटदुखी खरीच असते, नाटक नसतं. डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या आणि मग भीतीचा विचार करा.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. काही भीती योग्य असते. वर्गात कोणी मारत असेल, छळत असेल, एखादा मोठा माणूस नको तसा हात लावत असेल, तर मुलाला धीट करण्याचा प्रश्नच येत नाही. तो त्रास थांबवायचा. एखाद्याच ठिकाणी किंवा एखाद्याच माणसाजवळ जायला मूल अचानक घाबरायला लागलं, तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि तिथे काय घडतंय ते शांतपणे शोधा.

२. भीती नेमकी कशाची आहे ते विचारा

'कुत्र्याची भीती' एवढ्यावर काम होत नाही. भुंकण्याची? अंगावर उडी मारण्याची? मोकळ्या कुत्र्याची की बांधलेल्याचीही? माझ्या मुलीला कुत्र्याच्या आकाराचं काहीच नव्हतं, तो अचानक हलतो याची भीती होती. हे कळल्यावर सगळी आखणी बदलली.

'का घाबरतेस?' या प्रश्नाला मुलांकडे उत्तर नसतं, त्यांना तो आरोप वाटतो. त्याऐवजी 'तिथे गेलीस तर काय होईल असं वाटतं?' असं विचारा. मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत उतरवा: 'तो माझ्याकडे धावत येईल आणि मी पडेन.' 'मी वाचायला लागले की सगळे हसतील.' हे अंदाज पुढे कामाला येणार आहेत, कारण प्रत्येक प्रयत्नानंतर आपण तपासणार आहोत की तसं झालं का.

मित्राकडून माहिती काढू नका. 'ती तुला काय सांगते गं?' असं विचारलं आणि ते मुलीला कळलं, की तिची एक सुरक्षित जागा कमी होते.

३. पळवाटा शोधून ठेवा

मूल भीतीपासून मागे फिरलं की त्याला लगेच बरं वाटतं. त्या सुटकेतून मेंदू शिकतो की मागे फिरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी मागे फिरण्याची ओढ आणखी वाढते, आणि 'न फिरताही काही झालं नसतं' हे कधी कळतच नाही. भीती टिकते ती अशी.

मोठी माणसं या चक्राला मायेपोटी हातभार लावतात. रस्ता बदलतात, मुलाच्या वतीनं बोलतात, रात्रभर शेजारी झोपतात. मित्रही हेच करतात, आणि हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. लाजऱ्या मुलाऐवजी बाईंना उत्तर देणारी मैत्रीण, अंधाऱ्या खोलीतून दप्तर आणून देणारा मित्र, 'त्याला नका विचारू, त्याला आवडत नाही' असं परस्पर सांगणारा जिवलग. या मुलांना रागवू नका, ती प्रेमानंच करतात. पण अशा सगळ्या मदती वहीत लिहा. त्या एकदम बंद करायच्या नाहीत. एकेक कमी करायची.

४. मित्र निवडा

या पायरीवर सगळ्यांत जास्त वेळ द्या.

मुलांची भीती घालवायला मुलंच उपयोगी पडतात हे फार पूर्वी दिसलेलं आहे. मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्त्रीनं १९२४ मध्ये लहान मुलांच्या भीतीवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. समजावून सांगणं, लक्ष दुसरीकडे वळवणं, नुसता वेळ जाऊ देणं, इतर मुलांकडून चिडवलं जाणं, यांतल्या कशाचाही खात्रीनं उपयोग होईना. दोनच गोष्टी ठामपणे उपयोगी पडल्या: भीतीची वस्तू एखाद्या सुखद गोष्टीच्या जोडीनं हळूहळू जवळ आणणं, आणि न घाबरणाऱ्या मुलांच्या संगतीत ती वस्तू दाखवणं. सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या तीन वर्षांच्या मुलाबरोबर तिनं दोन्ही वापरलं. सशाशी निर्धास्त खेळणारी मुलं त्याच्याबरोबर खेळायला आणली आणि तो खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला. शेवटी पीटर सशाला कुरवाळू लागला.

पुढे १९६७ मध्ये आल्बर्ट बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांना घाबरणाऱ्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांना, त्यांच्याच वयाचा एक मुलगा कुत्र्याच्या टप्प्याटप्प्यानं जवळ जाताना दाखवला. चार दिवस, थोडा थोडा वेळ. नुसतं बघूनही मुलांची भीती पुष्कळ कमी झाली आणि महिन्यानंतरही तो फरक टिकून होता. पुढच्याच वर्षीच्या प्रयोगात असंही दिसलं की चित्रफितीत वेगवेगळी मुलं वेगवेगळ्या कुत्र्यांबरोबर दाखवली तर फायदा जास्त होतो. म्हणून पुढे जमेल तेव्हा एका मित्रावर न थांबता दोन-तीन मुलं सामील करा.

आता कोण निवडायचं? सगळ्यांत धीट मूल निवडावं असं पहिल्यांदा वाटतं. ते टाळा. सापांना घाबरणाऱ्यांबरोबर डोनाल्ड मायकेनबॉम यांनी १९७१ मध्ये केलेल्या अभ्यासात, सुरुवातीपासून बिनधास्त असलेल्या माणसाला बघण्यापेक्षा, आधी घाबरलेल्या आणि तरीही सावरत पुढे गेलेल्या माणसाला बघण्याचा फायदा अधिक झाला. मुलांच्या बाबतीत मलाही हेच जाणवलं. बिनधास्त मुलाकडे बघून घाबरणारं मूल म्हणतं, 'तो वेगळाच आहे, मला नाही जमायचं.' 'मलापण आधी भीती वाटायची, मग मी असं केलं' असं म्हणणारं मूल मात्र त्याला आपल्यातलं वाटतं.

साधारण हे बघा:

- ते चिडवत नाही आणि गुपित ठेवू शकतं.
- त्याला स्वतःला या गोष्टीची आता तीव्र भीती नाही. दोघंही तितकीच घाबरत असतील तर भीती एकमेकांना लागते.
- ते थांबू शकतं. 'चल ना, चल ना' करणारं उत्साही मूल गोड असतं, पण या कामाला नको.
- तुमच्या मुलाला ते मनापासून आवडतं. तुम्हाला आवडतं म्हणून नव्हे.

मूल फार बुजरं असेल आणि भीती माणसांचीच असेल, तर वयानं थोड्या लहान सोबत्याचा विचार करा. १९७९ मध्ये फरमन, राहे आणि हार्टप यांनी एकलकोंड्या बालवाडीतल्या मुलांची इतर मुलांशी जोडी लावून खेळ घेतले. समवयस्कापेक्षा लहान सोबत्याबरोबर खेळलेल्या मुलांमध्ये अधिक सुधारणा झाली. लहान मुलासमोर पुढाकार घ्यायची संधी मिळते आणि भीड चेपते.

५. सगळ्यांशी बोलून घ्या

पहिलं विचारायचं ते आपल्या मुलाला. 'अमुकला बरोबर घेतलं तर चालेल का? त्याला किती सांगायचं?' मूल नाही म्हणालं तर तिथेच थांबा, नाव बदला किंवा काही दिवस जाऊ द्या. पाठीमागून मित्राला सांगितलेली गोष्ट मुलापर्यंत पोचतेच.

मग मित्राच्या पालकांशी बोला. थोडक्यात, पण लपवाछपवी न करता. किती वेळ, कुठे, कोण मोठं माणूस सोबत असेल, आणि त्यांचं मूल कधीही 'मला नको' म्हणू शकतं हे स्वतःहून सांगा.

मित्राला तीनच गोष्टी सांगायच्या. तू नेहमी करतोस तसंच कर. ती थांबली तर तूही थांब, ओढू नकोस, हसू नकोस. आणि तिला बरं करणं हे तुझं काम नाही. शेवटचं वाक्य मोठ्यानं आणि स्पष्ट सांगा. संवेदनशील मुलं ही जबाबदारी गुपचूप अंगावर घेतात आणि काही जमलं नाही की स्वतःला दोष देतात.

६. शिडी तयार करा

सगळ्यांत सोप्या गोष्टीपासून सगळ्यांत अवघड गोष्टीपर्यंत आठ-दहा पायऱ्या मुलाबरोबर बसून लिहा. प्रत्येकीसमोर ० ते १० मधला आकडा मूलच टाकेल. सुरुवात ३ किंवा ४ च्या पायरीपासून. पहिलीच पायरी ७ ची असेल तर ती पहिली नव्हेच, तिच्याआधी दोन आणखी हव्यात.

शिडीवर मित्राची जागाही लिहायची. बहुतेक जण हे विसरतात. आमची शिडी साधारण अशी होती:

१. दोघींनी मिळून कुत्र्यांची चित्रं आणि चित्रफिती बघणं.
२. पट्टा बांधलेला शांत कुत्रा लांबून बघणं, दोघी शेजारी उभ्या.
३. मैत्रीण कुत्र्याजवळ जाते, मुलगी लांबून बघते.
४. दोघी निम्म्या अंतरापर्यंत जातात.
५. मैत्रीण कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवते, मुलगी तिच्या मागे उभी.
६. मुलगी पाठीला हात लावते, मैत्रीण शेजारी.
७. मुलगी आधी, मैत्रीण नंतर.
८. मुलगी हात लावते, मैत्रीण लांब उभी.
९. मुलगी मोठ्या माणसाबरोबर, मैत्रीण नाही.
१०. दुसरा कुत्रा, दुसरी जागा, मैत्रीण नाही.

पायऱ्या तुमच्या मुलाच्या भीतीप्रमाणे बदलतील. क्रम मात्र तोच राहतो: मित्र आधी, मग दोघं बरोबर, मग मूल आधी, मग मित्र लांब, मग मित्राशिवाय.

प्राण्यांच्या बाबतीत सुरक्षितता आधी. कुत्रा ओळखीचा, शांत, पट्ट्यात आणि मालक हजर. मालकाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. कुत्रा खात असेल, झोपला असेल किंवा पिल्लांजवळ असेल तर जवळ जायचं नाही. हे नियम मूल धीट झाल्यावरही तसेच राहतात.

७. प्रत्यक्ष दिवशी

जायच्या आधी दोन प्रश्न: भीती किती? काय होईल असं वाटतं? उत्तरं लिहा आणि निघा. लांबलचक धीर देऊ नका. 'काही होणार नाही, काही होणार नाही' असं सारखं म्हटलं की मुलाला वाटतं, काहीतरी असल्याशिवाय आई इतकं का सांगते आहे.

तिथे पोचल्यावर शक्य तितकं गप्प राहा. मोठ्या माणसानं सूचना द्यायला सुरुवात केली की मुलाचं लक्ष मित्रावरून तुमच्यावर येतं आणि मित्राचा उपयोगच संपतो. तुम्ही दोन-तीन पावलं मागे उभे राहा, दोघांना पुढे असू द्या.

मूल पायरीवर थोडा वेळ थांबायला हवं. छातीतली धडधड एकदम कमी होत नाही आणि ती पूर्ण थांबेपर्यंत वाट बघायचीही गरज नाही. घाबरत का होईना, तिथे राहता येतं आणि आपण समजत होतो ते घडत नाही, एवढं अनुभवाला आलं की पुरे. श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ लावायला शिकवलेलं असेल तर दोन्ही मुलं ते बरोबर करू शकतात. एकट्यानं करायला मुलांना अवघडल्यासारखं होतं, दोघांनी मिळून केलं की तो खेळ होतो.

मूल रडायला लागलं तर? एक पायरी खाली या आणि तिथे थोडा वेळ थांबून, त्या सोप्या पायरीवर शेवट करा. रडता रडता घरी परतलं की शेवटची आठवण पळून येण्याची राहते.

परत आल्यावर पुन्हा वही. काय होईल असं वाटलं होतं, काय झालं? तुलना मूलच करेल, तुम्ही फक्त विचारा. कौतुक करताना नेमकं बोला: 'हात थरथरत होता तरी तू तिथे उभी राहिलीस.' मित्राचे आभार माना, पण मुलासमोर त्याच्या धीटपणाचं कौतुक करत बसू नका. आणि मग दोघांना नुसतं खेळू द्या, भीतीचा विषय न काढता. मैत्री आधी आहे. ती फक्त सरावापुरती उरली तर दोघांनाही जाच होईल.

तीच पायरी पुन्हा पुन्हा करावी लागते. आकडा २-३ पर्यंत आला आणि मूल स्वतः 'पुढची करूया' म्हणालं की पुढे जा.

८. मित्राला बाजूला करा

मित्राची कुबडी होणं हा या सगळ्यातला खरा धोका आहे. 'ती असेल तरच मी जाईन' असं मूल म्हणायला लागलं तर भीती गेलेली नाही, तिनं फक्त एक अट घातली आहे. म्हणून शिडीच्या शेवटच्या दोन-तीन पायऱ्या मित्राशिवायच्या असल्याच पाहिजेत, आणि त्या पहिल्या दिवसापासून मुलाला दिसत असल्या पाहिजेत.

हे अंतर हळूहळू वाढवा. मित्र शेजारी, मग चार पावलांवर, मग कोपऱ्यावर, मग घरी. 'आज मी जाऊन येते आणि उद्या तिला सांगते' ही मधली पायरी खूप छान काम करते. मैत्रीण तिथे नसते, पण सांगायला कोणीतरी आहे या जाणिवेनं पाय उचलला जातो.

९. वेगवेगळ्या भीतींसाठी थोडं वेगळं

*अंधार.* मोठ्यांनी 'राक्षस नसतो' असं कितीही सांगितलं तरी उपयोग थोडा. त्यापेक्षा मित्राबरोबर मंद उजेडात लपाछपी, मग अंधाऱ्या खोलीत लपवलेली वस्तू दोघांनी शोधून आणणं, मग एकट्यानं आणणं. इथे भीती खेळातून सुटते.

*वर्गात बोलणं.* इथे मित्र हा श्रोता. एका मित्रासमोर वाचणं, मग दोघांसमोर, मग छोट्या गटासमोर, मग मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात फळ्यासमोर उभं राहून, शेवटी भरल्या वर्गात एक वाक्य. शिक्षकांना सांगून ठेवा की अचानक नाव पुकारू नका, पण कायमचं वगळूही नका.

काही मुलं घरी भरपूर बोलतात आणि शाळेत महिनोन्महिने तोंडच उघडत नाहीत. हा हट्ट नसतो, तो भीतीचाच एक प्रकार आहे आणि त्यासाठी तज्ज्ञ हवा. उपचारात पुष्कळदा असं करतात: ज्याच्याशी मूल मोकळं बोलतं त्याच्याबरोबर ते खेळत-बोलत असताना नवीन माणूस आधी दाराबाहेर, मग दारात, मग खोलीत, मग खेळात येतो. जिवलग मित्र तो पहिला माणूस होऊ शकतो.

*शाळेत सोडताना रडणं.* फाटकापाशी मित्राची रोजची ठरलेली भेट ठेवा, शक्यतो दोघांनी मिळून करायच्या एखाद्या छोट्या कामासह. निरोप छोटा आणि रोज एकसारखा. लपून निघून जाऊ नका. मूल पुढच्या दिवशी आणखी घट्ट धरून ठेवतं.

*सुई आणि रक्त.* ही भीती इतरांपेक्षा वेगळी वागते. काही मुलांचा रक्तदाब एकदम उतरतो आणि ती चक्कर येऊन पडतात. अशा मुलाला 'अंग सैल सोड' सांगणं उलट पडू शकतं. स्वीडनच्या लार्स-योरान ओस्त यांनी बसवलेली पद्धत याच्या उलट आहे: हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद घट्ट आवळायचे, चेहऱ्यावर ऊब जाणवली की सोडायचे, अर्ध्या मिनिटानं पुन्हा. सुई टोचायचा दंड मात्र सैल ठेवायचा. मित्राबरोबर घरी याचा सराव होतो. चक्कर येणाऱ्या मुलाला आडवं झोपवूनच सुई द्यायला सांगा.

१०. इथे पाय घसरतो

*पैज.* 'हात लावून दाखव, नाहीतर तू भित्रा.' एकदा मूल हात लावेलही, पण ते अपमानाच्या भीतीनं. मूळ भीती तशीच राहते आणि वर मित्रावरचा विश्वास जातो.

*दोघांनी भीतीवरच बोलत राहणं.* मन मोकळं करणं चांगलं, पण तोच तो विषय तासन्‌तास उगाळणं वेगळं. अमांडा रोझ यांनी २००२ मध्ये शाळकरी मुलांच्या अभ्यासात दाखवलं की अशा सतत उगाळण्यानं मैत्री घट्ट होते, पण त्याबरोबर उदासी आणि चिंताही वाढलेली दिसते. वरून सगळं छान दिसतं म्हणून हे कळत नाही. मोठ्या मुलामुलींच्या रात्रीच्या संदेशांमध्ये हे फार घडतं. थांबवू नका, 'बरं, मग उद्या यातलं काय करून बघायचं?' हा प्रश्न त्यांना शिकवा.

*तुलना.* 'बघ, ती कशी जाते.' हे एक वाक्य सोबत करणाऱ्या मैत्रिणीला प्रतिस्पर्धी करून टाकतं.

*सुट्टी पडणं.* एक आठवडा जोरात आणि मग महिनाभर काही नाही, असं झालं की प्रत्येक वेळी पुन्हा खालून सुरुवात होते. थोडं पण सलग बरं.

*मित्र थकणं.* तो टाळायला लागला, गप्प झाला, तर त्याला लगेच मोकळं करा आणि आपल्या मुलाला सांगा की हे तुझ्यामुळे नाही.

११. मित्रच नसेल तर

घाबरणाऱ्या मुलांना मित्र कमी असणं हे नेहमीचं आहे. तेव्हा आधी मैत्री, भीतीचं काम नंतर. एका वेळी एकच मूल घरी बोलवा, तास-दीड तासासाठी, काहीतरी हातानं करायचं काम ठरवून. समोरासमोर बसून गप्पा मारणं बुजऱ्या मुलाला जड जातं. शेजारी बसून काहीतरी जोडणं, रंगवणं, रचणं सोपं जातं. वेळ थोडी हवीहवीशी असतानाच संपवा.

वर्गशिक्षकांना विचारा की कोणत्या मुलाजवळ आपलं मूल जरा सैल बसतं. त्यांना हे आपल्यापेक्षा जास्त दिसतं. तोवर चुलत-मावस भावंडंही चालतात. सख्खी भावंडं मात्र जपून. घरात चिडवाचिडवी असतेच आणि दोन मुलांमध्ये 'धीट' आणि 'भित्रा' अशा चिठ्ठ्या चिकटतात, त्या निघता निघत नाहीत.

१२. तज्ज्ञांकडे केव्हा जायचं

मूल शाळेत जाणं थांबवू लागलं, झोप किंवा खाणं बिघडलं, श्वास कोंडल्यासारखे झटके येऊ लागले, एकच कृती पुन्हा पुन्हा केल्याशिवाय चैन पडेना, किंवा एखाद्या अपघातानंतर वा वाईट प्रसंगानंतर भीती सुरू झाली, तर वाट बघू नका. निदानाच्या निकषांमध्ये आईवडिलांपासून दूर होताना मुलांना वाटणाऱ्या चिंतेसाठी चार आठवडे आणि एखाद्या ठरावीक गोष्टीच्या तीव्र भीतीसाठी सहा महिने असा काळ धरतात, पण मदत मागायला तेवढं थांबण्याची अट नाही. जगणं नको, स्वतःला इजा करावीशी वाटते असं काही मूल बोललं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

बालमानसतज्ज्ञ बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात. मुलांच्या चिंतेसाठी विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणारी उपचारपद्धती सगळ्यांत जास्त तपासली गेली आहे, आणि वर सांगितलेली शिडी तिचाच भाग आहे. औषधांचा निर्णय मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर घेतात. पहिल्या भेटीला न्यायचं ते असं:

- नोंदींची वही. तासाभरात तोंडी सांगता येणार नाही ते तिच्यात असतं.
- वर्गशिक्षकांचं दोन-चार ओळींचं निरीक्षण आणि हजेरीची नोंद.
- आधीच्या तपासण्या: पोटदुखी-डोकेदुखीसाठी केलेल्या, तसंच कानाच्या आणि डोळ्यांच्या.
- चालू औषधांची यादी.
- घरात कोणाला चिंता किंवा नैराश्याचा त्रास असेल तर ती माहिती.
- कोणत्या मित्राबरोबर काय जमतं आणि काय नाही, याची छोटी यादी. आमच्या समुपदेशकांनी सगळ्यांत आधी हीच वाचली.

१३. भीती परत आली तर

येते. आजारपणानंतर, मोठ्या सुट्टीनंतर, घर किंवा शाळा बदलल्यावर, मित्र दूर गेल्यावर. जुनी भीती पुसली जात नाही. तिच्या शेजारी नवा अनुभव उभा राहतो, आणि सराव तुटला की जुनं वर येतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ते 'सगळं वाया गेलं' असं समजणार नाही.

वही काढा, शिडीवर शेवटी जमलेल्या पायरीपेक्षा दोन पायऱ्या खाली या आणि तिथून सुरू करा. मित्राला पुन्हा बोलवायला हरकत नाही, फक्त या वेळी कमी वेळा बोलवा आणि लवकर बाजूला करा. दुसऱ्या फेरीत पायऱ्या बऱ्याच वेगानं चढल्या जातात. तसं झालं नाही आणि दोन-तीन आठवड्यांत आकडे खाली आले नाहीत, तर वरच्या बाराव्या मुद्द्यातली कागदपत्रं घेऊन तज्ज्ञांची वेळ घ्या.